गोडव्याची जकात

कलकत्त्याला जाणाऱ्या मराठी साहित्याभ्यासकाची वाट बहुधा ठरलेली असते. जोडासांकोची ठाकुरबाडी, कॉलेज स्ट्रीटवरील जुन्या पुस्तकांची दुकाने, बेलूर, दक्षिणेश्वर, आणि सवड असेल तर बोलपूरची गाडी. पु. ल. देशपांडे १९७० साली शांतिनिकेतनात जाऊन राहिले आणि ‘वंगचित्रे’ घेऊन परतले, तेव्हापासून तर ही वाट अधिकच रुळली. खिदिरपूर या वाटेवर येत नाही. वास्तविक यायला हरकत नसावी. मायकेल मधुसूदन दत्तांच्या वडिलांचे घर खिदिरपुरात होते. रंगलाल आणि हेमचंद्र या दोन्ही बंद्योपाध्याय कवींची नावेही याच वस्तीशी जोडलेली आहेत. आणि एकोणिसाव्या शतकातील बंगाली काव्याचा विचार करणाऱ्याला एवढे निमित्त पुरावे. परंतु आजचे खिदिरपूर म्हणजे १८९२ साली सुरू झालेली आणि आता बरीचशी मंदावलेली गोदी, उर्दू, हिंदी आणि भोजपुरी बोलणारी दाट वस्ती, रस्त्यावर मांडलेल्या बिर्याणीच्या लाल फडक्यांतील हंड्या, आणि फॅन्सी मार्केट. साहित्याच्या यात्रेकरूला तेथे दर्शन घेण्याजोगे काही दिसत नाही.

गेल्या हिवाळ्यात तुलनात्मक साहित्याचा एक मराठी अध्यापक, अभ्यागत म्हणून कलकत्त्यात राहत असताना, एका शनिवारी खिदिरपूरला गेला. यजमानांना त्याने मधुसूदनांची वस्ती पाहून येतो असे सांगितले. ते धादांत खोटे नव्हते आणि खरेही नव्हते. त्याच्या पिशवीत ‘मेघनादवध’ काव्याची प्रत होती आणि त्या प्रतीखाली, रुमालात गुंडाळलेली, एक जुनी कॅसेट होती. एस्प्लनेडहून मैदान ओलांडून खिदिरपूरला जाणारी ट्राम २०२० च्या अम्फान वादळानंतर बंद पडली ती बंदच राहिली. तेव्हा तो बसने गेला, आणि वाटभर पिशवी मांडीवर धरून बसला. चाळिशी ओलांडलेल्या, चार विद्यापीठांत व्याख्याने दिलेल्या माणसाने एक कॅसेट अशी दडवून न्यावी, आणि तीही त्याला कोणी ओळखत नसलेल्या वस्तीत, याचे त्याचे त्यालाही हसू आले असावे. रुमाल मात्र त्याने सोडला नाही.

कॅसेट ‘कुर्बानी’ या १९८० सालच्या चित्रपटाच्या गाण्यांची होती. त्या चित्रपटाचे संगीत कल्याणजी-आनंदजींचे. पण ज्या एका गाण्याने देशभर धुमाकूळ घातला ते त्यांचे नव्हते. ते बंगळूरहून लंडनला गेलेल्या बिद्दू नावाच्या संगीतकाराचे होते, आणि ते गायिले होते कराचीत जन्मलेल्या, लंडनमध्ये वाढलेल्या, जेमतेम पंधरा वर्षांच्या नाझिया हसनने. ही मुलगी पुढे २००० साली, पस्तिसाव्या वर्षी वारली. गाणे मात्र अजून पंधरा वर्षांचेच आहे. ढोलाचा न थकणारा एकसारखा ठोका, त्यावर काचेच्या बांगड्यांसारखा चकाकणारा यंत्राचा सूर, आणि किंचित नाकातून येणारा, शिकवणीचा हात न लागलेला तो आवाज. शब्दांचा अन्वय लावू गेल्यास ओळभर टिपणही तयार होऊ नये. समीक्षेची सगळी अवजारे येथे निरुपयोगी ठरतात. उरते ते एवढेच की गाणे सुरू झाले की पायाचा अंगठा हलू लागतो आणि चित्त वितळते.

‘वितळते’ हा शब्द सहज आलेला नाही. मम्मटाने काव्याचे माधुर्य, ओज आणि प्रसाद हे तीन गुण मानले आणि माधुर्याची खूण चित्ताची द्रुती, म्हणजे वितळणे, हीच सांगितली. त्याच्या दोषांच्या लांबलचक यादीत कानाला कटू लागणे हा दोष आहे. कानाला गोड लागणे हा दोष नाही. ग्राम्यत्व आहे, अश्लीलत्व आहे, पण अतिमाधुर्य शोधून सापडत नाही. त्यातल्या त्यात या डिस्को गाण्याला लागू पडेल असा एकच रसदोष दिसतो: एकच रस पुन:पुन्हा उद्दीपित करीत राहणे. परंतु त्याचे उदाहरण म्हणून मम्मटाने कोणाला उभे केले आहे? कालिदासाला, ‘कुमारसंभवा’तील रतिविलापाला. पिंजऱ्यात एवढा मोठा आरोपी आधीच उभा असताना नाझिया हसनने फार खजील होण्याचे कारण नाही. मग ही लाज आली कोठून? आपल्या काव्यशास्त्रातून ती आलेली नाही, हे नक्की.

अध्यापकापुरते बोलायचे तर ती नागपुरातील एका घराच्या फाटकातून आली.

रघूजी भोसल्यांच्या स्वाऱ्यांमुळे बंगाली अंगाईगीतात ‘बर्गी’ होऊन बसलेला नागपूरकर पुढे रेल्वेचा कारकून होऊन कलकत्त्याला गेला, ही इतिहासाने केलेली एक गमतीदार भरपाई आहे. १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वेची स्थापना झाली. तिचे, आणि पुढे दक्षिण-पूर्व रेल्वेचे, मुख्यालय खिदिरपूरला लागून असलेल्या गार्डन रीचमध्ये. अध्यापकाचे काका तेथे नोकरीला होते. सुटीत ते हावड्याहून मेलने नागपूरला येत, आणि त्यांच्या वळकटीत दर खेपेला काही ना काही निघे. १९८३ च्या दिवाळीत जपानी बनावटीचा टू-इन-वन निघाला. तो फॅन्सी मार्केटमधला होता. त्या काळी परदेशी वस्तूंवरील आयातशुल्क असे होते की मध्यमवर्गीय माणसाने दुकानातल्या काचेतून पाहावे आणि पुढे जावे. खिदिरपूरच्या गोदीत उतरणाऱ्या खलाशांच्या सामानातून घड्याळे, अत्तरे, नायलॉनच्या साड्या, टेपरेकॉर्डर हे सारे शेजारच्या बाजारात झिरपत असे. तेथे बिल मागण्याची रीत नव्हती आणि दुकानदाराने ते देण्याची नव्हती. काकांनी पेटी उघडली आणि म्हणाले, “रेडिओ दादासाठी. कॅसेट वहिनी, तुमच्यासाठी.”

दादा, म्हणजे घरातले नाना, शाळेत संस्कृत शिकवीत. त्यांनी यंत्राकडे पाहिले, काट्यावर नागपूर केंद्र लावले, आणि कॅसेटच्या वेष्टनावरील चित्र पाहून ती उपडी ठेवली. “थिल्लर आहे,” एवढेच ते म्हणाले. जुन्या मराठीत थिल्लर म्हणजे डबके, उथळ पाण्याचा साठा. पुढे त्या उथळपणावरून तो शब्द माणसांना, नाटकांना आणि गाण्यांना लागला. नानांना ही व्युत्पत्ती ठाऊक होती, आणि ते शब्द तोलून वापरणारे गृहस्थ होते.

त्यानंतरची दुपार रोज सारखीच असे. तीन वाजता भांडी आवरली की आई दाराला कडी लावी, टू-इन-वन ओट्याशी आणी आणि पहिली बाजू लावी. मुलगा जमिनीवर बसून पाटीवर रेघोट्या ओढी. आई गुणगुणत नसे, नाचत तर नसेच. ती फक्त तांदूळ निवडी, पण निवडण्याची गती बदललेली असे. साडेपाचच्या सुमारास फाटकाची कडी वाजे. नाना कडी नेहमी दोनदा वाजवीत, मग थांबून सायकल आत घेत. तेवढ्या वेळात बटण दाबलेले असे, कॅसेट पिठाच्या डब्यामागे गेलेली असे, आणि चहाचे आधण ठेवलेले असे. ही चपळाई मुलाने इतक्या वेळा पाहिली की गाणे ऐकणे म्हणजे एक कान गाण्याला आणि दुसरा फाटकाला, अशीच त्याची समजूत झाली. पुढे वसतिगृहात, परदेशातल्या भाड्याच्या खोलीत, स्वतःच्या घरी, कानात तारा घालून असे काही ऐकताना त्याने दुसरा कान कधी मोकळा सोडला नाही. मर्ढेकरांवर बोलणाऱ्या आणि जीवनानंद दाशांवर लिहिणाऱ्या माणसाच्या फोनमध्ये काय वाजते, हे कोणी पाहू नये म्हणून तो पडदा उलटा ठेवीत आला.

असे घर नागपुरात एकच नव्हते. किंबहुना त्या घरांचा एक प्रतिनिधी दिल्लीत मंत्री झाला होता. पुण्यात जन्मलेले, बनारसमध्ये धृपदाची तालीम घेतलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि दहा वर्षे त्या पदावर राहिले. चित्रपटगीते त्यांना उथळ आणि परक्या वळणाची वाटत. नभोवाणीवरील त्यांचा वेळ कापला गेला, निर्मात्यांशी बेबनाव झाला, आणि चित्रपटगीत आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीसे झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. डिसेंबरमध्ये रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’. महायुद्धातील सैनिकांसाठी उभारलेल्या सिलोनच्या प्रक्षेपकाने केसकरांनी दाराबाहेर काढलेले सर्व काही समुद्रापलीकडून परत घरात आणले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ काढून सरकारला ते दार किलकिले करावे लागले. केसकरांची थट्टा करणे आज सोपे आहे, आणि ती पुष्कळ झालीही आहे. परंतु घरोघरी रात्री साडेनऊला एखाद्या बुजुर्गाचा ख्याल पोहोचला तो त्याच माणसामुळे, हे त्याच्या थट्टेखोरांनी बहुधा सांगितलेले नाही. त्यांची चूक हेतूत नव्हती. आनंदाला जकात बसवली की आनंद थांबत नाही, तो आडवाटेने येतो, आणि आडवाटेची सवय लागलेला माणूस हमरस्ता मोकळा झाल्यावरही आडवाटेनेच चालतो, एवढे त्यांच्या ध्यानात आले नाही.

बंगालने हीच गोष्ट वेगळ्या शब्दाने केली. तेथील शब्द ‘अपसंस्कृती’. हा मराठीत नीट उतरत नाही. ‘थिल्लर’ हा घरातला, आजोबांच्या तोंडचा शब्द आहे. ‘अपसंस्कृती’ला परिपत्रकाचा वास येतो. मुंबईत तमिळ घरात वाढलेली, १९६९ पासून पार्क स्ट्रीटच्या ट्रिंकाजमध्ये गाऊ लागलेली उषा उत्थुप, भरजरी कांजीवरम आणि मोठे कुंकू लावून पाश्चात्त्य गाणी गाई. १९८० च्या दशकात डाव्या आघाडीच्या एका मंत्र्याने ही अपसंस्कृती ठरवून सरकारी सभागृहे तिला बंद केली. ती न्यायालयात गेली आणि जिंकली. गंमत अशी की त्याच आघाडीच्या राज्यात १९८६ साली सॉल्ट लेकच्या क्रीडांगणावर मुंबईच्या चित्रपटताऱ्यांचा ‘होप ८६’ हा प्रचंड जलसाही झाला. २०२४ साली उषा उत्थुपला पद्मभूषण मिळाले. म्हणजे शासनाची जकात उठली. ऐकणाऱ्याची उठली की नाही, हे सन्मानपत्रावर लिहिलेले नसते.

मराठी आणि बंगाली सुशिक्षितांचे सख्य जुने आहे, आणि त्याचा आधार परस्परांच्या गांभीर्याबद्दलचा आदर हा आहे. त्यांच्याकडे रवींद्रनाथ, आपल्याकडे ज्ञानदेव. त्यांची नाटकमंडळी, आपली नाटकमंडळी. त्यांची सुधारणा, आपली सुधारणा. दोघे एकमेकांच्या दिवाणखान्यात बसले की उत्तम तेच बाहेर काढतात. पण दिवाणखान्याच्या मागे, ओट्याशी, पिठाच्या डब्यामागे काय आहे ते दोघांनी एकमेकांना दाखवलेले नाही. तुलनात्मक साहित्याने प्रभाव तोलले, भाषांतरे तोलली. दोन समाजांची लाज एकाच घडणीची आहे, हे अजून फारसे तोललेले नाही.

अलीकडे या लाजेवर विद्यापीठांनी एक तोडगा काढला आहे, तोही येथे नोंदवला पाहिजे. आवडलेल्या गाण्यावर शोधनिबंध लिहावा, म्हणजे ते ऐकण्याचा परवाना मिळतो. ‘सैराट’मधील जातवास्तवावर २०१६ नंतर जे परिसंवाद झाले, त्यांतील कितीतरी विद्वान संध्याकाळी भाच्याच्या वरातीत ‘झिंगाट’वर घाम गाळीत होते. त्यात गैर काहीच नाही. अजय-अतुल यांनी त्या चित्रपटाचा वाद्यमेळ थेट लॉस एंजेलिसला जाऊन ध्वनिमुद्रित केला आणि तरीही गाणे गल्लीतलेच राहिले, ही लिहिण्याजोगीच गोष्ट आहे. पण वरातीत नाचताना आपण समाजाचे निरीक्षण करीत होतो असे जेव्हा एखादा सांगतो, तेव्हा तो जकात चुकवीत नसून ती भरल्याची पावती दाखवीत असतो. कुमार गंधर्वांना असल्या पावतीची गरज पडली नाही. लता मंगेशकरांवर लिहिताना त्यांनी स्वच्छ सांगून टाकले की चित्रपटसंगीताने लोकांचे कान बिघडवले हा आक्षेप त्यांना मान्य नाही. उलट ते सुधारले. हे म्हणणे सगळ्यांना पटेल असे नाही, परंतु त्यात ओशाळेपणाचा लवलेश नाही.

दुसरा तोडगा काळाचा, आणि तो खिदिरपूरच्या जवळच उभा आहे. येथून थोड्याच अंतरावर मटियाबुर्ज. राज्य गमावलेला वाजिद अली शाह १८५६ साली तेथे आला आणि १८८७ साली मरेपर्यंत तेथे लखनौची एक प्रतिकृती मांडून बसला. त्याची ठुमरी, त्याचे रहस, त्याचे नाचणे यांवर कंपनीच्या अधिकाऱ्यांनी छचोरपणाचा शिक्का मारला आणि एतद्देशीय सुधारकांनी तो पुसला नाही. आज त्याच ठुमरीला मैफलीत अखेरचे, मानाचे स्थान आहे, आणि ती ऐकताना कोणी खिडकी लावून घेत नाही. यावरून आजचे उथळ उद्याचे अभिजात होते, असा दिलासा घेण्याचा मोह होतो. अध्यापकाने तो वर्गात अनेकदा दिलेलाही आहे. पण तो दिलासा खोटा नसला तरी कंजूष आहे. उद्या मान मिळेल म्हणून आज ऐकणे, म्हणजे सुखही व्याजाने लावणे झाले. ओट्याशी बसून तांदूळ निवडणाऱ्या बाईला अभिजाततेची वाट पाहायची नव्हती. तिला साडेपाचपर्यंतच वेळ होता.

नाना २००९ साली गेले. वर्षश्राद्ध झाल्यावर मुलाने माळ्यावरचा टू-इन-वन काढला, पुसला, आणि आईसमोर आणून ती कॅसेट लावली. त्याच्या मनात काहीसे उदात्त होते. आता तिने मोकळेपणाने, हवे तेव्हा, हव्या तेवढ्या मोठ्याने ऐकावे. आईने अर्धे गाणे ऐकले आणि म्हणाली, “बंद कर रे. आता कोण येऊन राहिलं आहे?” नागपुरी वळणाचे हे वाक्य त्याने तेव्हा वैधव्याचे दुःख म्हणून घेतले. पुष्कळ वर्षांनी त्याला शंका आली की तिला दुसरेही काही म्हणायचे असावे. गाण्याची गोडी निम्मी कॅसेटमध्ये होती आणि निम्मी फाटकात. कडी वाजायची थांबल्यावर उरले ते नुसते डिस्को. गेल्या वर्षी आईही गेली, आणि तिच्या शिवणाच्या डब्यात, रिळांच्या खाली, कॅसेट पुन्हा सापडली. ती लावून पाहिली तर आवाज येईना; आतून फक्त घोगरी घरघर. नागपुरात दुरुस्त करून देणारा कोणी मिळाला नाही. मिळाला असता तरी, कदाचित, त्याने ती खिदिरपूरलाच आणली असती.

बाजारात शिरण्याआधी तो नदीकडे गेला. तेथे सूरिनाम घाट म्हणून जागा आहे, आणि २०१५ साली उभारलेला एक लहानसा पुतळा: गाठोडे घेतलेले जोडपे, ज्याला ‘माई-बाप’ म्हणतात. याच काठाने गिरमिटिया मजुरांची जहाजे गेली. ‘फतेल रझाक’ १८४५ साली त्रिनिदादला, ‘लाला रुख’ १८७३ साली सूरिनामला. त्या गाठोड्यांतून भोजपुरी लग्नगीतेही गेली, ज्यांना भद्र घरांत ग्राम्यच म्हटले असते. शंभर-सव्वाशे वर्षांनी त्रिनिदादमध्ये त्यांचे ‘चटणी’ नावाचे उडते, फटाकड्या चालीचे संगीत झाले. त्याचा आद्य गायक सुंदर पोपो हा तेथल्या बराकपूर गावचा. मजुरांनी बंगालच्या बराकपुराचे नावही सोबत नेले होते. आणि १९८० च्या दशकात ही चटणी मुंबईत ध्वनिमुद्रित करून कॅरिबियनमध्ये लोकप्रिय करणारी गायिका कांचन, म्हणजे ‘कुर्बानी’च्या कॅसेटवर अमितकुमारबरोबर लैलाचे गाणे गाणारीच. याच काठावरून गेलेली गाणी तिच्या गळ्यातून फिरून आली होती, आणि तिचा आवाज रुमालात गुंडाळून हा माणूस त्याच काठावर उभा होता. पुतळ्याजवळ दोन मुले फोनवर एक भोजपुरी गाणे मोठ्याने लावून बसली होती. त्यांचे दोन्ही कान गाण्याकडे होते.

फॅन्सी मार्केटला आता त्या नावाचा दरारा उरलेला नाही. १९७७ साली हल्दियाची गोदी सुरू झाल्यावर जहाजे तिकडे वळू लागली. १९९१ नंतर आयातीचे निर्बंध सैल झाले, आणि जे चोरून आणावे लागे ते चौकाचौकांत मिळू लागले. कपडे, अत्तरे, फोनची आवरणे यांनी गाळे भरलेले आहेत. तीन ठिकाणी कॅसेट पाहून दुकानदार हसले. चौथ्याने मागच्या गल्लीतल्या एका मिस्त्रीकडे पाठवले. मिस्त्री सत्तरीचा असावा. अध्यापकाने रुमाल सोडता सोडता प्रस्तावना केली की ही आईची आठवण आहे, गाणी काही विशेष नाहीत. मिस्त्रीने कॅसेट उजेडात धरली, नाव वाचले, आणि या माणसाला कशाची क्षमा हवी आहे हे न कळून त्याच्याकडे पाहिले. मग त्याने पाच स्क्रू काढले. आतला नमद्याचा इवलासा तुकडा, जो फितीला डोक्याशी दाबून धरतो, तो निखळून कोपऱ्यात पडला होता. मिस्त्रीने जुना डिंक खरवडला, नवा तुकडा बसवला, आणि बॉलपेनाने फीत हळूहळू गुंडाळू लागला.

“ही चिकटपट्टी कोणी लावली?” त्याने विचारले. विकत मिळणाऱ्या कॅसेटच्या पाठीवर दोन खाचा उघड्या असतात, एकेका बाजूसाठी एकेक, म्हणजे तिच्यावर चुकून काही मुद्रित होऊ नये. त्यांतील एक खाच पिवळ्या पडलेल्या पट्टीने बुजवलेली होती. अध्यापकाने सांगितले, वडिलांनी. त्याला ती रात्र आठवत होती. शनिवार होता, राष्ट्रीय कार्यक्रमात कोणा बुजुर्गांचा पूरिया होता, कोरी कॅसेट घरात नव्हती, आणि नानांनी पिठाच्या डब्यामागे हात घालून ही काढली होती. आई काही बोलली नव्हती. दुसऱ्या बाजूवर तेव्हापासून पूरिया आहे, आणि पूरियाच्या आधी, फीत पुढे गेली होती तेवढे, लैलाच्या गाण्याचे तोंड. नानांनी आईचे गाणे पुसले, ही घटना अध्यापकाने आजवर एकाच अर्थाने जपून ठेवली होती. एका लेखात, नावे न घेता, तिचा उपयोगही केला होता.

“गाणं किती वेळाचं होतं?” मिस्त्रीने विचारले. तास-दीड तासाचे. “मग अर्धंच घेतलं,” मिस्त्री म्हणाला, आणि कॅसेट फिरवून त्याने दुसरी खाच दाखवली. ती उघडी होती. तिच्यावर पट्टी कधी लागलीच नव्हती. डिंकाचा डागसुद्धा नव्हता. त्या रात्री यंत्र खट् करून थांबले होते, एवढे अध्यापकाला आठवले. नाना उठले नव्हते, कॅसेट उलटी केली नव्हती, आणि विलंबित संपून द्रुत सुरू झाले तरी हात मांडीवर ठेवून नुसते ऐकत बसले होते. त्यानंतर मुलाला झोप लागली असावी. डब्यामागची जागा नानांना कशी ठाऊक होती, हा प्रश्न त्याला चाळीस वर्षांत पडला नव्हता.

मिस्त्रीने कॅसेट पहिली बाजू वर करून एका उघड्याबोडक्या यंत्रात घातली आणि आवाज पूर्ण सोडला. ढोलाचा ठोका गल्लीत घुमला. समोरचा अत्तरवाला मान हलवू लागला. एक हमाल डोक्यावरचे ओझे न उतरवता क्षणभर थांबला. अध्यापकाचा हात सवयीने बटणाकडे गेला आणि नजर गल्लीच्या तोंडाकडे.

“कोणी यायचं आहे का?” मिस्त्रीने विचारले.

“नाही,” अध्यापक म्हणाला आणि स्टूल ओढून बसला. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर फीत पुन्हा अडकली. मिस्त्रीने बॉलपेन उचलले.